विनयच्या नावानं

डिसेंबर लागला की सातपूरला आमच्या कंपनीत सप्लायरची माणसं नव्या वर्षाची कॅलेंडरं घेऊन येऊ लागतात आणि पहिल्या पाळीचे लोक कानटोपी न काढताच मशीनवर उभे राहतात. वर्ष संपत आलं ते आम्हाला एवढ्यावरूनच कळतं. नाताळचा आमच्याशी तसा संबंध नाही. पंचवीस तारीख आमच्याकडे कामाचीच. शरणपूर रोडनं येणारे लोक सांगतात, चांदण्या लागल्या, चर्चला रोषणाई केली. आम्ही "हो का" म्हणतो आणि कार्ड पंच करतो.

शेखरचंही तसंच होतं. तो मूळचा सायखेड्याचा. घरची शेती धाकट्या भावाकडे सोडून एकोणिसाव्या वर्षी सातपूरला आला. शेजारशेजारच्या मशीनवर आम्ही सोळा वर्षं काढली. कमी बोलणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा माणूस. उजव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर प्रेस मशीनमध्ये गेलेलं. आवाज मात्र ऐकण्यासारखा. जाड नाही, पण खोल, आणि बोलायच्या आधी क्षणभर थांबायची सवय. कँटीनमध्ये पाठमोरा बोलला तरी शेखरच आहे हे कळायचं. पुढं जे घडलं ते या आवाजामुळे. त्यानं ते मला वर्षभरानं सांगितलं, तेही एका दमात नाही. मी जमेल तसं जोडून सांगतो.

शेखरची बायको उज्वला शरणपूरला एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळायला जायची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. रात्रीला दुसरी बाई असायची. म्हातारी म्हणजे मार्थाबाई शिरसाट. वय चौऱ्याऐंशी. आयुष्यभर दवाखान्यात नर्स, शेवटी मेट्रन. काचबिंदूनं दृष्टी जवळजवळ गेलेली आणि गेल्या तीन-चार वर्षांत स्मरणशक्तीही विरत चाललेली. आज काय खाल्लं ते आठवायचं नाही, पण चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या पेशंटला कितव्या खाटेवर ठेवलं होतं ते आठवायचं. मुलगी रूथ पुण्यात कॉलेजमध्ये शिकवायची, महिन्यातून एकदा यायची. मुलगा विनय चौदा वर्षांपूर्वी महामार्गावर मोटरसायकलच्या अपघातात गेलेला.

आजी नेमकं तेवढंच विसरल्या होत्या. विनू कुठाय, असं विचारायच्या. सुरुवातीला कुणीतरी खरं सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या कोसळल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा कोसळल्या. शेवटी रूथनं उज्वलाला सांगून ठेवलं, "तो कामात आहे म्हणा. रोज नव्यानं मरायला नको तिला."

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी उज्वला आजींच्या खोलीत शेवया परतत होती. म्हणजे शेगडी त्याच खोलीच्या कोपऱ्यात होती. हात गुंतलेले, म्हणून शेखरचा फोन आला तसा तिनं स्पीकर लावला. तो पलीकडून म्हणाला, "जेवलीस का गं?"

खुर्चीत बसलेल्या आजी ताठ झाल्या.

"विनू," त्या म्हणाल्या. "विनूचा फोन आहे ना? दे इकडं."

उज्वला म्हणाली, "नाही आजी, माझे मालक आहेत."

"मला शिकवू नकोस. मी काय त्याचा आवाज ओळखत नाही? दे."

तिनं फोन हातात दिला. शेखर कंपनीच्या गेटबाहेर उभा होता. पहिली पाळी सुटलेली, बस, मोटरसायकली, हॉर्न. त्या गोंगाटात एक थरथरता आवाज म्हणाला, "विनू, जेवलास का?"

तो क्षणभर थांबला. ती सवयच होती त्याची. मग म्हणाला, "हो, जेवलो."

"आई म्हण ना," आजी म्हणाल्या. "तोंडातून निघत नाही का अजून?"

आणि शेखर म्हणाला, "जेवलो, आई."

त्या दिवशी आजींनी सगळ्या शेवया संपवल्या. उज्वलाला वाटलं, झालं ते बरं झालं. दुसऱ्या दिवशी साडेतीनपासूनच आजी फोनजवळ बसून राहिल्या. फोन आला नाही तेव्हा पाणीसुद्धा घेईनात. उज्वलानं आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याला फोन केला. "अहो, दोन मिनिटं बोला. म्हातारं माणूस आहे, काय बिघडतं?"

मग ते रोजचं झालं. दुसऱ्या पाळीचा आठवडा असला की कँटीनमागं उभा राहून बोलायचा. आम्हाला वाटायचं, बायकोशी बोलतोय. मी एकदा चेष्टाही केली. तो नुसता हसला. गंमत म्हणजे त्याची स्वतःची आई साळूबाई सायखेड्यात आहे, दर रविवारी तो तिला फोन करायचा आणि पाऊसपाणी, तब्येत, ठेवू का, एवढ्यात संपवायचा. ती म्हणायची, "आरं बोल की, इतकी काय घाई हाय?" पण आपल्या आईशी काय बोलावं हे त्याला कधी सुचलं नाही. या परक्या म्हातारीशी मात्र तो पंधरा पंधरा मिनिटं बोलायचा. थंडी किती आहे, स्वेटर घातला का, पाय दुखतात का. "तिला काही सांगायला लागायचं नाही," तो मला म्हणाला. "नुसतं हो म्हटलं तरी पुरायचं."

डिसेंबरच्या मध्याला आजींचा नाताळ सुरू झाला. पडदे धुवा म्हणाल्या. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवू नका, वर्ष पुरं होऊ दे, असं तीन तीनदा सांगितलं. आणि उज्वलाला म्हणाल्या, "यंदा करंज्या तळायच्या." शेजारच्या बाईंना आश्चर्य वाटलं. त्या घरात नाताळला शंकरपाळे व्हायचे, चकल्या व्हायच्या, केक यायचा. चौदा वर्षांत करंजी मात्र झाली नव्हती. का, ते शेजारात कुणाला माहीत नव्हतं.

ते शेखरला कळलं. अठरा तारखेला.

तो गेटजवळच्या टपरीच्या आडोशाला उभा होता. आजींचा आवाज त्या दिवशी वेगळा होता, अगदी शुद्धीवर असलेल्या माणसाचा. त्या म्हणाल्या, "उज्वला बाहेर गेली आहे. मला एक विचारायचं आहे, विनू. खरं सांग."

"विचार ना, आई."

"त्या नाताळला तू सांगितलंस, त्या मालेगावच्या मुलीशीच लग्न करणार. भरल्या पंगतीत. पाहुणे बसले होते. मला लाज वाटली. मी तुला म्हणाले, आजपासून मला मुलगा नाही. ऊठ माझ्या पानावरून. तुझ्या हातात करंजी होती. अर्धी खाल्लेली. ती तू ताटात ठेवलीस आणि गेलास." पलीकडं खुर्ची करकरली. "तू गेलास ते गेलासच. रुसलास. इतकी वर्षं आला नाहीस. माझंच चुकलं होतं, विनू. मला त्याच दिवशी कळलं होतं. पण दारापर्यंत गेले नाही. तू मनातून काढलंस का ते? मला माफ केलंस का?"

शेखरच्या पुढून दोन कंपन्यांच्या बस गेल्या. तो मला म्हणाला, "मला त्या क्षणी फोन टाकून द्यावासा वाटला. ते माझ्यासाठी नव्हतंच. मी कुणाच्या तरी घरात शिरलो होतो आणि तिथं मला नको ते दिसलं होतं. पण ती थांबली होती. किती वेळ थांबली असती?"

तो म्हणाला, "केलं, आई. केव्हाच केलं."

पलीकडं आजी रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मग नाताळला ये."

"येतो," तो म्हणाला.

हे त्यानं उज्वलालाही सांगितलं नाही. तिला एवढंच माहीत की आजींनी बोलावलंय आणि हे हो म्हणालेत. त्या रात्रीपासून, तो म्हणतो, त्याला स्वतःचा आवाज परका वाटायला लागला. मशीनवर काही बोलला की वाटायचं, हे मी बोललो का? घरी मुलगी निकिता काही विचारायची आणि तो उत्तर देताना मध्येच थांबायचा. ज्या माणसाला आपण कधी पाहिलं नाही, ज्याचा फोटोही पाहिला नाही, तो आपल्या गळ्यात बसलाय असं त्याला वाटायचं. आणि तो गप्प बसलेला होता. शेखरनं त्याच्या वतीनं माफ केलं होतं, पण विनयनं केलं होतं का? चौदा वर्षांपूर्वी घरातून निघालेला तो माणूस मालेगावच्या रस्त्यावर मनात काय घेऊन मोटरसायकल चालवत होता, हे कोण सांगणार?

पंचवीस तारखेला जायचं नाही असं त्यानं ठरवलं. मुद्दाम रजा टाकली नाही. पण बाराच्या सुमाराला उज्वलाचा फोन आला. "सकाळपासून काही खाल्लं नाही त्यांनी. व्हरांड्यात बसून राहिल्यात, थंडीत. आत चला म्हटलं तर मला हाताला धरून बाजूला करतात. रूथताई संध्याकाळी यायच्यात. पाच मिनिटं या हो."

सुपरवायझरला पोटात दुखतंय सांगून तो निघाला. वाटेत घरी जाऊन पांढरा शर्ट घातला. शरणपूरला चर्चहून परतणारी माणसं रस्त्यानं चालली होती, बायकांच्या अंगावर नव्या साड्या, लोक एकमेकांना हात मिळवत होते. एका अनोळखी म्हाताऱ्यानं त्यालाही "हॅपी ख्रिसमस" म्हणून हात दिला. शेखर मला म्हणाला, "हात देताना मला चोरी करायला चाललोय असं वाटलं."

आजी व्हरांड्यात शाल घेऊन बसल्या होत्या. त्याची चप्पल वाजली तशी त्यांनी मान वळवली.

"आई," तो म्हणाला.

त्यांनी हात पुढं केला. तो गुडघ्यावर बसला. त्यांनी त्याच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली, कपाळ, गाल, मिशी. मग त्याचा उजवा हात हातात घेतला आणि त्या तुटक्या तर्जनीवर त्यांची बोटं थांबली. उज्वला दारात उभी होती, ती एक पाऊल पुढं आली.

"हे कधी झालं?" आजींनी विचारलं.

"कामावर. झाली बरीच वर्षं."

त्यांनी अंगठ्यानं ते टोक दोनदा चाचपलं. "टाके नीट घातले नाहीत. कुणीतरी नवशिका होता." आणि मेट्रनच्या आवाजात उज्वलाला म्हणाल्या, "करंजी आण."

ताटलीत दोन करंज्या होत्या. एक त्यांनी स्वतः उचलून त्याच्या हातात दिली. तो खात होता तोवर त्या काही बोलल्या नाहीत. डोळे समोर, कान त्याच्याकडे. शेवटचा घास त्यानं गिळला तेव्हा त्यांनी विचारलं, "संपली?"

"संपली."

"पूर्ण?"

"पूर्ण, आई."

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटत प्रार्थना केली. मग हात काढून म्हणाल्या, "आता जा. तिकडं खोळंबले असतील."

तो उठला. तिकडं म्हणजे कुठं, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. मालेगावला? कामावर? की त्यांना सगळं ठाऊक होतं? फाटकापर्यंत पोहोचल्यावर त्यानं वळून पाहिलं. त्या उज्वलाचा हात धरून आत चालल्या होत्या.

संध्याकाळी रूथ आल्या. आजींनी त्यांना सांगितलं, "विनू येऊन गेला. करंजी खाल्ली त्यानं." रूथनं उज्वलाकडे पाहिलं. उज्वला खाली बघून म्हणाली, "आज त्या जरा जास्तच बोलतायत." रूथना ते नवीन नव्हतं.

अठ्ठावीस तारखेला दुपारी झोपेतच आजी गेल्या.

दफनाला शेखर गेला. पाळी होती, पण गेला. मागं, भिंतीशी उभा राहिला. विनयच्या शेजारची जागा आजींसाठी आधीच राखलेली होती. पास्टर वाचत होते आणि शेखर शेजारच्या दगडाकडं बघत होता. नाव त्यानं आजवर फक्त ऐकलं होतं, आता कोरलेलं पाहिलं. विनय सॅम्युएल शिरसाट. खाली जन्माची तारीख, आणि मृत्यूची. मृत्यूची तारीख पंचवीस डिसेंबर होती. अपघात नाताळाच्या दिवसांतला एवढंच त्याला वाटलं होतं. पंगतीतून उठून गेलेला माणूस त्याच संध्याकाळी गेला होता, हे त्याला तिथं, सगळ्यांमध्ये उभं असताना कळलं. आणि बरोबर त्याच तारखेला आपण त्याच्या आईनं हातात दिलेली करंजी संपवून आलो.

माती देऊन लोक पांगले. रूथ एकट्याच उन्हात उभ्या होत्या. उज्वलानं पाण्याची बाटली शेखरच्या हातात दिली. तो पुढं झाला आणि म्हणाला, "ताई, पाणी घ्या."

रूथ वळल्या. शेखर मला म्हणाला, "तो चेहरा अजून दिसतो." त्यांनी बाटली घेतली नाही. त्या त्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

"काय म्हणालात?"

"पाणी घ्या म्हटलं."

त्यांनी उज्वलाकडं पाहिलं. महिनाभर आई फोनवर विनूशी बोलते, असं रात्रीच्या बाईनं त्यांना सांगितलं होतं. त्यांना वाटलं होतं, भ्रम असेल.

"हे होते?" त्यांनी विचारलं. "उज्वला, हे बोलायचे?"

उज्वला रडायला लागली. "ताई, त्या जेवायच्या तरी. खूश असायच्या."

शेखरला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. त्यानं सांगून टाकलं. पंगतीचं, करंजीचं. "त्यांनी माफी मागितली, ताई. मी हो म्हणालो."

रूथ ओरडल्या नाहीत. त्या अगदी हळू बोलल्या. "मी त्या पंगतीत होते. मी चौदा वर्षं वाट पाहिली, एकदा तरी ती म्हणेल की माझं चुकलं. माझ्यासमोर कधी तिनं त्याचं नाव काढलं नाही. मला वाटलं तिला काही वाटतच नाही. आणि ती म्हणाली. तुम्हाला म्हणाली." मग विचारलं, "आणि तुम्ही कोण हो म्हणणारे?"

शेखरनं बाटली उज्वलाकडं परत दिली. ते दोघं घरी आले.

एकतीस तारखेला दुपारी, मशीन साफ करायचा शेवटचा तास होता, पोरं संध्याकाळच्या जेवणाचे बेत करत होती, तेव्हा शेखरला अनोळखी नंबरवरून फोन आला. रूथ होत्या. पुण्याला निघण्याआधी आईच्या घरातून बोलत होत्या.

"ती काय म्हणाली ते मला सांगा," त्या म्हणाल्या. "जसंच्या तसं. काही गाळू नका."

त्यानं सांगितलं. त्याला सगळं पाठ होतं, हवं असो नसो. 'दारापर्यंत गेले नाही' हे सांगताना पलीकडून हुंदका आला. मग रूथ म्हणाल्या, "तो मला रुथू म्हणायचा. दुसरं कुणी म्हणत नव्हतं. तुम्ही एकदा म्हणाल?"

शेखरनं हातातलं फडकं मशीनवर ठेवलं.

"एकदाच. मी पुन्हा फोन करणार नाही."

"ताई," तो म्हणाला, "नाही जमायचं मला. एकदा त्यांच्या नावानं बोललो, ते अजून अंगावरून उतरलेलं नाही."

"बरं," रूथ म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्यानं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, बरोबर केलंस. तो म्हणाला, "तेच कळत नाही ना. म्हातारीला हो म्हणालो तेही सतावतं आणि ताईंना नाही म्हणालो तेही. दोन्हीपैकी एक तरी बरोबर असायला हवं होतं."

एक जानेवारीला कंपनीत पेढे वाटले, नवी कॅलेंडरं घरोघरी गेली. शेखर पाळी संपवून दफनभूमीत गेला. आजींच्या मातीवरची फुलं सुकली होती. तो विनयच्या दगडापुढं उभा राहिला आणि, मला सांगताना तो जरा ओशाळला, पण उभा राहून मोठ्यानं बोलला. "मी तुमच्या नावानं तुमच्या आईला माफ केलंय. तुम्हाला विचारलं नाही. चुकलं असेल तर सांगा." थंडीचे दिवस, पाचलाच ऊन उतरलेलं. तो थांबला. काही झालं नाही. काही होईल असं त्याला वाटतही नव्हतं, तरी तो अर्धा तास थांबला.

तिथं पाला झाडायला लंकाबाई म्हणून एक बाई असायच्या. त्यांनी विचारलं, "कोण लागायचे तुमचे?"

"कुणी नाही," तो म्हणाला.

"मग इतका वेळ?"

तो म्हणाला, "त्यांच्याशी एक काम होतं."

त्यानंतर तो अधूनमधून जात राहिला. आजींच्या मातीवर अजून दगड नव्हता. लंकाबाई म्हणाल्या, माती पावसाळ्यात बसते, मग दगड ठेवतात. त्या वर्षात शेखर आणखीनच कमी बोलायला लागला. फोन आला तर बहुतेक वेळा निकिताच्या हाती द्यायचा. रविवारी मात्र सायखेड्याला जायला लागला. आईजवळ बसायचा, ती बोलायची, हा ऐकायचा. साळूबाई शेजारणींना सांगायची, पोरगा सुधारला म्हणून.

दिवाळीनंतर रूथ येऊन दगड बसवून गेल्या. कधी आल्या, कळलं नाही. शेखरला तो दगड लंकाबाईंनी दाखवला. मार्थाबाईंचं नाव, तारखा, बायबलातलं एक वचन, आणि खाली एक ओळ. विनय आणि रुथू यांची आई.

रूथ नाही. रुथू.

हे तो मला सांगत होता तेव्हा डिसेंबर पुन्हा लागला होता. आम्ही टपरीवर बसलो होतो, चहा निवून गेला होता.

"मग आता तरी सुटलास?" मी विचारलं.

त्यानं जरा विचार केला. "नाही," तो म्हणाला. "अजून बोलताना वाटतं, आधी तो बोलेल. पण आता मी थांबतो. त्याला काही म्हणायचं असलं तर म्हणू दे."

दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. तो उठला आणि आत गेला.